पेट्रोलचा ट्रक आणि कलकत्त्याचे पाणी

पिकअप ट्रक हा मोटारकार आणि मोठी मालमोटार यांच्या मधला प्रकार होय. पुढे चालकाची बंद खोली, मागे उघडा हौदा, खाली पोलादी तुळयांची स्वतंत्र चौकट आणि जाड पाट्यांच्या स्प्रिंगा अशी त्याची रचना असते. जड कामासाठी बांधलेल्या पिकअपमध्ये इंजिन मोठे, गिअर अधिक खालच्या गतीचे आणि मागचा आस अधिक मजबूत असतो. अशा गाडीत पेट्रोलचे इंजिन असेल, तर तिच्या देखभालीचे काही प्रश्न डिझेल गाडीच्या प्रश्नांहून वेगळे असतात. ती गाडी कलकत्त्यासारख्या शहरात वापरात असेल, तर त्यांपैकी बहुतेक प्रश्नांचे मूळ एकाच पदार्थात सापडते. तो पदार्थ म्हणजे पाणी.

हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु इंजिन थंड राखते ते पाणी. पेट्रोल जळून जे तयार होते त्यातही मोठा भाग पाण्याचा. हवेत पाणी, पावसाळ्यात रस्त्यावर पाणी, आणि ज्या द्रवाच्या दाबाने ब्रेक लागतात तो द्रवही हवेतील पाणी हळूहळू शोषून घेणारा. या प्रत्येक ठिकाणी पाणी काय करते हे ज्याला नीट समजले, त्याला ट्रकच्या देखभालीचा निम्म्याहून अधिक भाग समजला असे म्हणता येईल.

हे ट्रक कलकत्त्यात कसे आले

दुसऱ्या महायुद्धात चीन, ब्रह्मदेश व भारत या आघाडीचे मुख्य बंदर कलकत्ता हे होते. अमेरिकेतून आलेले युद्धसाहित्य येथील गोद्यांत उतरे आणि रेल्वेने आसामकडे जाई. आसामातील लेडो या गावापासून डिसेंबर १९४२ मध्ये एक रस्ता बांधण्यास प्रारंभ झाला. जंगल, डोंगर आणि चिखल यांतून काढलेल्या या मार्गाने निघालेला मोटारींचा पहिला तांडा ४ फेब्रुवारी १९४५ रोजी चीनमधील कुन्मिंग येथे पोचला. या रस्त्यावर धावणाऱ्या अमेरिकन ट्रकांत अडीच टनी जी. एम. सी. आणि पाऊण टनी डॉज हे प्रमुख होते, आणि दोहोंची इंजिने पेट्रोलवर चालणारी होती. पाऊण टनी डॉज हा खऱ्या अर्थाने जड कामाचा पिकअप होय. त्याच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाचे आकारमान सुमारे ३.८ लिटर आणि शक्ती ९२ अश्वशक्ती होती. हौद्यात सुमारे ६८० किलोग्रॅम भार घालून चारही चाकांच्या जोरावर तो चिखलातून वाट काढी. पेट्रोल मात्र तो मुबलक पीत असे. एका लिटरमागे साडेतीन किलोमीटरांच्या आसपासच मजल पडे.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या शिल्लक गाड्या विक्रीस निघाल्या. 'डिस्पोजल'चा माल हा शब्द त्या काळापासून आपल्या भाषांत रूढ झाला. अशा गाड्यांनी अनेक लहान वाहतूकदारांचा धंदा उभा करून दिला. त्याच सुमारास देशातही मोटारी तयार करण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. १९४२ साली गुजरातेतील ओखा बंदराजवळ स्थापन झालेली हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९४८ मध्ये कलकत्त्याजवळ हुगळीच्या काठी उत्तरपाडा येथे आली, तर मुंबईत कुर्ला येथे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने डॉज व फार्गो या नावांचे ट्रक बांधले. पुढे १९५४ मध्ये जमशेदपूर येथे टाटा आणि मर्सिडीज-बेन्झ यांच्या सहकार्याने डिझेल ट्रकांची निर्मिती सुरू झाली, आणि इंधनाच्या खर्चाचा हिशेब करणाऱ्या मालकांनी जड वाहतुकीत पेट्रोलला लवकरच निरोप दिला.

तरीही हा विषय केवळ इतिहासाचा नाही. २०२० मध्ये धुराचे नवे, कडक निकष लागू झाल्यानंतर लहान भारवाहू गाड्यांत पेट्रोलची इंजिने पुन्हा दिसू लागली. आणि जुने लष्करी डॉज व जीप जिवापाड जपणारे हौशी मालक कलकत्त्यात आजही आहेत.

रेडिएटरातील पाणी

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३.२ कोटी ज्यूल उष्णता निघते. तिचा साधारण चौथा हिस्सा चाकांच्या कामी येतो. एक मोठा हिस्सा धुराबरोबर बाहेर जातो आणि ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग सिलिंडरांच्या भिंतींतून पाण्यात उतरतो. भार घेऊन चाललेला ट्रक तासाला १० लिटर पेट्रोल जाळतो असे धरू. मग त्या एका तासात १० कोटी ज्यूलांहून अधिक उष्णता पाण्याला मिळते. ही उष्णता रेडिएटरातून हवेत गेली नाही, तर तेवढ्या वेळात सुमारे ४० लिटर पाण्याची वाफ होईल! यावरून रेडिएटरावर किती जबाबदारी आहे याची कल्पना यावी.

कलकत्त्यात या जबाबदारीत भर पडते. बडाबाजारातील गर्दीत ट्रक पायी चालणाऱ्याच्या गतीने सरकतो. समोरून वारा नसतो आणि पंख्याच्या जोरावर जेवढी हवा येईल तेवढीच. अशा वेळी पाण्याची नळी आतून किती स्वच्छ आहे यावर सर्व काही अवलंबून राहते. येथे एक स्थानिक प्रश्न उद्भवतो. शहरात पाण्याच्या दोन वाहिन्या फार पूर्वीपासून आहेत. पलता येथे गाळलेले पाणी पिण्यासाठी येते, आणि मल्लिक घाटासारख्या ठिकाणी हुगळीतून उपसलेले न गाळलेले पाणी रस्ते धुण्यासाठी व आग विझवण्यासाठी फिरवले जाते. रस्त्याकडेच्या तोटीतून वाहणारे हे गढूळ 'गंगाजल' गाडी धुण्यास ठीक आहे, परंतु रेडिएटरात ओतण्यास नव्हे. त्यातील बारीक गाळ नळ्यांच्या तळाशी बसतो. खोल कूपनलिकेचे पाणी दिसावयास स्वच्छ असते. पण शहराच्या अनेक भागांत त्यात लोह व क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की हे क्षार घट्ट पापुद्र्याच्या रूपाने आतील भिंतीवर चिकटतात. या पापुद्र्यातून उष्णता लोखंडाच्या मानाने कित्येक पटींनी सावकाश जाते. चहाच्या जुन्या किटलीच्या आतला पांढरा थर ज्याने पाहिला आहे, त्याला हे निराळे सांगण्याची गरज नाही.

म्हणून रेडिएटरात ऊर्ध्वपातित पाणी आणि गंजरोधक शीतक द्रव यांचे मिश्रण भरावे. थंड प्रदेशात हा द्रव पाणी गोठू नये म्हणून घालतात. कलकत्त्यात पाणी गोठण्याचा प्रश्नच नाही, आणि म्हणूनच अनेक चालक तो अनावश्यक समजतात. हा समज चुकीचा आहे. त्यातील गंजरोधक द्रव्ये आणि वाढलेला उत्कलनबिंदू ही दोन्ही येथे हवीच असतात. झाकणातील स्प्रिंगही सुस्थितीत असावी, कारण पाण्यावर दाब राखल्याने ते १०० अंशांवर उकळत नाही. याच कारणास्तव तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब एकदम उतरताच पाणी उसळते आणि चेहरा व हात भाजतात. दर वर्षी उन्हाळ्यात असे अपघात घडतात, आणि ते सर्वस्वी टाळता येण्याजोगे असतात.

जळण्यातून निघणारे पाणी

पेट्रोल हे कार्बन व हायड्रोजन यांचे संयुग-मिश्रण आहे. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचे पाणी. हिशेब केल्यास एक लिटर पेट्रोल जळून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते असे आढळते. इंजिन पुरेसे तापलेले असेल तर हे पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर निघून जाते. परंतु गोदामापासून घाटापर्यंत आणि घाटापासून गोदामापर्यंत दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्या करणाऱ्या ट्रकाचे इंजिन पुरते तापतच नाही. मग दट्ट्याच्या कड्यांमधून निसटलेली वाफ खाली तेलाच्या टाकीत थिजते, तेलाशी घुसळली जाते आणि साय आल्यासारखा पिवळट गाळ बनतो. तेल भरण्याच्या झाकणाच्या आतील बाजूस हा गाळ दिसला, तर ट्रक आखूड फेऱ्यांचा बळी ठरत आहे असे समजावे.

अशा गाडीचे वंगण तेल किलोमीटर मोजून बदलणे पुरेसे नाही. महिने मोजून बदलावे. सायलेन्सरही याच पाण्याने आतून गंजतो. ट्रक कमी धावतो म्हणून त्याचे आयुष्य वाढते ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

पेट्रोल, वाफ आणि मद्यार्क

पेट्रोल हा एकजिनसी द्रव नव्हे. त्यातील हलके अंश ३५ ते ४० अंश सेल्सियसलाच उकळू लागतात. वैशाख-ज्येष्ठात इंजिनाच्या कडेला बसवलेला पंप व त्याची नळी याहून कितीतरी अधिक तापतात, नळीत वाफेचा बुडबुडा अडकतो आणि इंजिन मुकाट्याने बंद पडते. पंपावर ओले फडके गुंडाळण्याची चालकांची जुनी युक्ती शास्त्राला धरून आहे, कारण पाणी सुकताना उष्णता शोषून घेते. परंतु हीच युक्ती नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जेवढी उपयोगी पडते तेवढी कलकत्त्यात पडत नाही. नागपुरात वाळ्याचे पडदे खोली गार करतात आणि बंगालच्या दमट हवेत ते निरुपयोगी ठरतात, त्याचेच हे लहान रूप होय. तेव्हा कलकत्त्याच्या मालकाने नळी गरम धुराड्यापासून दूर बांधून घ्यावी आणि मध्ये पत्र्याचा आडोसा बसवावा.

आता इंधनात एक नवा घटक आला आहे. २०२५ सालापासून देशात सर्वत्र २० टक्के इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. पेट्रोल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत; मद्यार्क मात्र दोहोंशीही मैत्री करतो. दमट हवेत अर्धवट भरलेल्या टाकीत महिनोन्‌महिने राहिलेले असे मिश्रण हवेतील पाणी शोषत राहते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की मद्यार्क पेट्रोलचा हात सोडतो आणि पाण्यासह तळाशी वेगळा थर करून बसतो. दुर्दैवाने इंधन ओढणारी नळी तळाशीच असते. शिवाय मद्यार्काला जळण्यास हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरातून जाणारे मिश्रण इंजिनाच्या गरजेपेक्षा विरळ होते आणि झडपा अधिक तापतात. जुने रबरी पडदे व नळ्या फुगतात, मऊ पडतात. अशा गाडीचे जेट किंचित मोठे करून घ्यावे, रबरी भाग मद्यार्क सोसणारे बसवावेत आणि गाडी उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेला आत जागाच उरत नाही. नव्या गाड्या या इंधनासाठीच बनवलेल्या असल्याने त्यांना ही चिंता थोडी.

ठिणगी

सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्याला मिनिटाला ९,००० ठिणग्या लागतात. प्रत्येक ठिणगीसाठी कॉइल हजारो व्होल्टचा दाब निर्माण करते. इतक्या दाबाच्या विजेला वाट सापडण्यास डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणावरील धूळ आणि तिच्यावर जमलेला दमटपणा पुरेसा होतो. पावसाळी सकाळी ट्रक सुरू होत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देण्यापूर्वी हे झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसून पाहावे. झाकणाच्या आत केसासारखी काळी रेघ दिसल्यास ते बदलावे, कारण तेथून वीज वाट काढते आहे. स्पर्शबिंदूंतील सुमारे अर्धा मिलिमीटर अंतर पट्टी लावून तपासावे. नव्या गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर नसतो, त्याची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली आहे. तेथे तारांच्या जोडांवर चढणारा हिरवट गंज हाच शत्रू असतो.

रस्त्यावरील पाणी

कलकत्त्यात वर्षाला सुमारे १,६०० ते १,८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शहराची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे. तिचा उतार हुगळी नदीकडे नसून उलट पूर्वेच्या दलदलीकडे आहे, त्यामुळे बरेचसे पाणी उपसूनच बाहेर काढावे लागते. आणि नदीला भरती असेल तर तिकडचे दरवाजे बंद ठेवणे भाग पडते. म्हणून ठनठनिया, अम्हर्स्ट स्ट्रीट, कॉलेज स्ट्रीट या भागांत जोराच्या पावसानंतर गुडघाभर पाणी साचते. सप्टेंबर १९७८ च्या अतिवृष्टीत तर शहराचा मोठा भाग दिवसेंदिवस पाण्याखाली होता.

अशा पाण्यात शिरलेला पेट्रोल ट्रक डिझेल ट्रकाच्या आधी बंद पडतो. डिझेल इंजिनाला ठिणगीची गरज नसते. हवा दाबून तापवली की इंधन आपोआप पेटते. पेट्रोल इंजिनाची मात्र तारा भिजताच ठिणगी नाहीशी होते. गंमत अशी की हा दुबळेपणाच त्याला पुष्कळदा वाचवतो. कारण खरा धोका पाणी हवेच्या वाटेने सिलिंडरात शिरण्याचा असतो. पाणी दाबले जात नाही. वर सांगितलेल्या डॉजच्या एका सिलिंडरात दट्ट्या सुमारे ६२८ घन सेंटिमीटर जागा झाडतो. दाबाचे प्रमाण ६.७ धरले, तर दट्ट्या अगदी वर असताना त्याच्या डोक्यावर फक्त ११० घन सेंटिमीटर जागा उरते. त्याहून अधिक पाणी आत गेले की दट्ट्या वर जाऊच शकत नाही. फिरत्या इंजिनाचा सारा जोर दट्ट्याच्या दांड्यावर येतो आणि तो वाकतो. अकरा-बारा चमचे... नव्हे, कलकत्त्याच्या फुटपाथवर मातीच्या भांड्यातून जेवढा चहा मिळतो तेवढे पाणी एवढ्या नाशाला पुरते. डिझेल इंजिनात ही जागा आणखी कमी असते.

यावरून नियम निघतो तो असा. पाण्यात बंद पडलेले इंजिन बटण दाबून पुन्हा फिरवू नये. गाडी ढकलून कोरड्या जागी न्यावी, सर्व प्लग काढावेत आणि इंजिन हाताने फिरवावे. आत पाणी असेल तर ते प्लगांच्या भोकांतून बाहेर उडेल. तेल पाहावे, ते दुधासारखे दिसले तर बदलल्यावाचून इंजिन सुरू करू नये. लेडो मार्गावरील ट्रकांचे बनवणारे हा धोका ओळखून होते. खोल पाण्यातून जावयाच्या लष्करी गाड्यांत ठिणगीची यंत्रणा बंदिस्त करीत आणि हवेची नळी उंच नेत.

एक भाग मात्र हमखास विसरला जातो, तो म्हणजे मागचा आस. धावून तापलेला आस थंड पाण्यात बुडला की आतील हवा आकुंचन पावते आणि तेलरोधक कड्यांमधून बाहेरचे पाणी आत ओढते. वरून काहीच दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी दातेरी चाके कण्हू लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. पाण्यातून गेलेल्या ट्रकाच्या मागच्या आसाचे तेल त्याच आठवड्यात तपासावे आणि चाकांच्या बेअरिंगांतील ग्रीस बदलावे.

ब्रेक

इंजिन बिघडले तर गाडी उभी राहते. ब्रेक बिघडले तर ती उभी राहत नाही. म्हणून या भागाकडे सर्वांत अधिक लक्ष हवे. भारासह चार टन वजनाचा ट्रक ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता त्याला थांबवायचे म्हणजे जवळजवळ ३.९ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकांत जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेने ३० अंशांचे सव्वा लिटरहून अधिक पाणी उकळीस येईल. भारासह एकूण वजन दीडपट झाले तर ही उष्णताही दीडपट होते. मालक भार वाढवताना स्प्रिंगांचे पाटे वाढवून घेतो, ब्रेक मात्र पूर्वीचेच राहतात. यात बचत कसली, हे समजणे कठीण आहे.

ब्रेकचा दाब वाहून नेणारा द्रव ग्लायकॉल जातीचा असतो. 'डॉट ३' प्रतीचा नवा द्रव २०५ अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. द्रव उकळला की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. चालक पाय दाबतो, पेडल जमिनीला टेकते आणि गाडी पुढेच जाते. दमट शहरात हा द्रव पाणी लवकर शोषतो. दोन वर्षांची वाट न पाहता दर वर्षी पावसाळा संपताच तो बदलणे शहाणपणाचे. झाकण उघडी राहिलेली, अर्धी वापरलेली बाटली पुन्हा वापरू नये. पाण्यातून बाहेर येताच पेडल हलके दाबून काही अंतर जावे, म्हणजे भिजलेले ब्रेक घर्षणाच्या उष्णतेने सुकतात. ही खबरदारी पुढच्या चौकात पोचण्यापूर्वीच घ्यावयाची असते.

मालकी

जुन्या गाडीच्या मालकाला यंत्राबरोबर कायद्याचाही विचार करावा लागतो. २००८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने महानगर क्षेत्रातून पंधरा वर्षांहून जुनी व्यापारी वाहने काढून टाकण्याचा आदेश दिला, आणि २००९ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. त्यामुळे भाड्याने चालणारा जुना पेट्रोल ट्रक शहरातून गेला. जे उरले ते हौसेने जपलेले. त्यांना लागणारे जुने सुटे भाग शोधणारे लोक मल्लिक बाजारातील दुकाने पालथी घालतात. तेथे झडप विकत घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००० सालापासून देशात शिसेमिश्रित पेट्रोल विकले जात नाही. शिशाचा पातळ थर झडपांच्या बैठकांचे रक्षण करी. ज्या इंजिनांत कठीण धातूच्या बैठका नाहीत, त्यांत त्या बसवून घेणे नवी झडप घेण्याइतकेच आवश्यक असते.

असे ट्रक बहुधा महिनोन्‌महिने छपराखाली उभे असतात, आणि मालक दर रविवारी इंजिन पाच मिनिटे चालवून समाधान मानतो. त्या पाच मिनिटांत पाणी तयार होते, परंतु ते हाकलण्याइतकी उष्णता तयार होत नाही. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, कोरडा दिवस पाहून, हौद्यात थोडे वजन टाकून ट्रक अर्धा-पाऊण तास रस्त्यावर न्यावा. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिबकणारे थेंब थांबून तेथील नळी हाताला चटका बसेल इतकी तापली, म्हणजे आतील पाणी निघून जाऊ लागले असे समजावे. मग आणखी दहा मिनिटे चालवून तो परत आणावा.